उभ्या बायकांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तू तुमच्याशी बोलतात तेव्हा बहुधा हळव्या आवाजात, डोळ्यांत पाणी आणून बोलतात. मला ते जमणार नाही. माझा एक पाय आखूड झाला आहे, त्याखाली वीट सरकवली आहे. रंग तर कधीच उडाला. त्याचे मला काही वाटत नाही. लाकूड आहे, झिजायचेच. माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. सांगतो, ऐका.

माझा जन्म काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात झाला. तिथे मोठ्या भट्टीत काच वितळते, साच्यात तिची बाटली होते आणि मग त्या बाटल्या निवत निवत एका फिरत्या पट्ट्यावरून तपासणीच्या खोलीत येतात. पट्ट्यामागे पांढरा उजेड असतो. त्या उजेडात कामगार बायका प्रत्येक बाटली पाहतात. तडा, बुडबुडा, वाकडे तोंड दिसले की तेवढी उचलायची आणि बाजूच्या पेटीत टाकायची. काम डोळ्यांचे आणि हातांचे. पायांचा त्यात काडीचा संबंध नाही. तरीही त्या बायका सकाळच्या भोंग्यापासून सुटीच्या भोंग्यापर्यंत उभ्या असत. का? तर मॅनेजरसाहेबांचे म्हणणे, बाई बसली की तिचा डोळा लागतो. हे ते खुर्चीत बसून सांगत. त्यांचा स्वतःचा डोळा कसा लागत नाही, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

हे माझ्या जन्माआधीचे. मला कसे कळले? मला घडवणारा सुतार फार बोलका होता. एरवी तो बाटल्या भरायची खोकी ठोकत असे. माझ्या फळीवर रंधा मारताना त्याने मला सगळी हकीकत सांगितली. लाकडाशी बोलायची त्याला सवयच होती.

त्या कारखान्यात कामगारांची युनियन होती. युनियन म्हणजे काय, हे तुम्हांला शाळेत एका ओळीत पाठ करायला लावतील. मी माझ्या पद्धतीने सांगतो. एकटा कामगार साहेबाकडे गाऱ्हाणे घेऊन गेला, तर साहेब म्हणतो, "पटत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस." सगळे मिळून गेले, तर तोच साहेब म्हणतो, "या, बसा, बोलू." फरक एवढाच आहे. एवढ्याच फरकासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, तुरुंग पाहिले आहेत. भट्टीवरच्या माणसांनी त्या युनियनच्या जोरावर कामाचे तास ठरवून घेतले होते. भाजलेल्याला औषध आणि रजा मिळू लागली होती. लहान पोरांना भट्टीजवळून हलवून शाळेत धाडायला त्यांनी मालकाला भाग पाडले होते. पण ती युनियन पुरुषांची होती. तपासणीच्या खोलीकडे तिचे लक्षच नव्हते.

एका सभेत तपासणीतली एक बुटकी बाई उठली. अंगाने एवढीशी आणि जिभेने जहाल, म्हणून तिला सगळे लवंगी म्हणत. ती म्हणाली, "आम्हांला बसायला पाहिजे."

सभा हसली. युनियनचा सेक्रेटरी भट्टीवरचा मिस्त्री होता. तोही हसून म्हणाला, "बसायचंय तर घरी बसा की, बाई!"

"घरी कोण बसू देतं?" लवंगी म्हणाली. "तुमच्या घरात विचारून बघा."

आता सभा मिस्त्रीला हसली. पण तो माणूस खुनशी नव्हता. दुसऱ्या दिवशी आपली पाळी संपवून तो तपासणीच्या खोलीत आला आणि लवंगीच्या शेजारी, सुटीचा भोंगा होईपर्यंत, उभा राहिला. भोंगा झाला तेव्हा त्याला वाकून बुटाची नाडी सोडता येईना. तो म्हणाला, "भट्टीसमोर मी निदान हलतो तरी. इथे नुसतं खांबासारखं उभं राहायचं? हे काम नाही, ही शिक्षा आहे."

युनियनने बाक मागितला, साहेबांनी तो नाकारला आणि त्यातून संप झाला. तो कसा झाला, हे नीट ऐका. काचेची भट्टी कधी विझू द्यायची नसते. विझली तर आतली काच गोठते आणि अख्खी भट्टीच बाद होते. संपवाल्यांनी काच काढायची थांबवली, पण भट्टी धगधगती ठेवायला ते आळीपाळीने आत जात राहिले. पगार नाही, काही नाही. "भट्टी आपली आहे, भांडण साहेबाशी आहे," असे मिस्त्रीचे म्हणणे. साहेबांना हे पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांनी ताणून धरले. घरातली चूल थंड आणि मालकाची भट्टी गरम, असे ते दिवस. वर शेजारपाजारचे टिंगल करत, "बायकोला बसवायला नवरे उपाशी!" भट्टीवाले खाली मान घालून ऐकून घेत. पण मागे कुणी हटला नाही.

शेवटी करार झाला. तपासणीच्या खोलीत पट्ट्याच्या लांबीचा बाक मिळेल, असे ठरले. कारखान्याने खोक्यांचे पातळ लाकूड पुढे केले. सुताराने ते बाजूला सारले. माल गाडीत चढवायची एक जुनी जाडजूड फळी होती, जिच्यावरून हमालांनी वर्षानुवर्षे ओझी नेली होती. ती त्याने उचलली. "हा बाक एकीपुरता नाही," तो रंधा मारताना म्हणाला. "पुढे येणाऱ्या पोरींनाही पुरला पाहिजे."

असा मी जन्मलो. पहिल्या दिवशी बायका माझ्यावर बसल्या आणि त्यांनी पाय पुढे पसरले. मग एक जण म्हणाली, "अगं, मला पाय आहेत हे आज कळलं!" आणि सगळी खोली खदखदून हसली. डोळा कुणाचाही लागला नाही. उलट सदोष बाटल्या आधीपेक्षा जास्त पकडल्या जाऊ लागल्या, कारण दुखण्यावरचे लक्ष आता काचेवर आले होते.

त्यानंतरची वर्षे माझ्या सुखाची. नवी बाई कामाला आली की लवंगी ओरडे, "सरका गं!" आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या जणी एकेक वीत सरकत. शेवटची अर्धी बाहेर लोंबकळे आणि शिव्या घाली, पण बसे. जेवणाच्या सुटीत माझ्यावरच सभा भरत. बाळंतपणाची रजा माझ्यावर बसून मागितली गेली. काचेने हात कापू नयेत म्हणून हातमोजे, प्यायला गार पाणी, तान्ह्या मुलांसाठी वेगळी खोली, या सगळ्यांची पहिली कुजबुज मी ऐकली आहे. बाहेरचे पाहुणे आले की मिस्त्री त्यांना माझ्यापाशी आणून सांगे, "हा लढून मिळवलेला बाक." मी फुगून जात असे.

फुगलो, तिथेच माझे चुकले असेल. पण मी तर लाकूड. माणसांचे काय?

युनियन एका दिवसात बिघडली नाही. आधी कारखान्याने तिला एक खोली दिली. मग त्या खोलीत पंखा दिला. मग चाकांची खुर्ची आली. मिस्त्री निवृत्त झाला आणि पुढे वारला. त्याच्या जागी त्याचा जावई सेक्रेटरी झाला. त्याला सगळे जावईच म्हणत, कारण युनियनमध्ये तो सासुरवाडीला आल्यासारखाच वावरायचा. हातात सगळे आयते हवे. साहेबांकडे तो आता गाऱ्हाणे घेऊन जात नसे, चहाला जाई.

त्याच सुमारास कारखान्याने कंत्राटदार आणला. नव्या बायका कारखान्याच्या नव्हेत, कंत्राटदाराच्या. पट्टा तोच, बाटल्या त्याच, उजेड तोच. पण त्यांना कधीही घरी पाठवता येई. त्यांना रजा नाही आणि हातमोजेही घरून आणायचे. कायम कामगारांना त्या वर्षी चांगली पगारवाढ मिळाली, कंत्राटी बायकांबद्दल युनियनने तोंड उघडायचे नाही या अटीवर. सभेत जावई म्हणाला, "तुमच्या ताटातलं काही जात नाही, मावशी. उलट वाढतंय." हात वर झाले. लवंगीचाही झाला.

कंत्राटी बायका सुटीत माझ्यावर टेकू लागल्या, तेव्हा काही कायम बायकांना ते खपेना. "उपाशी आम्ही राहिलो आणि या आयत्या बसणार?" अशी तक्रार गेली. कुणाकडे? युनियनकडे. आणि मित्रांनो, युनियनने काय केले ठाऊक आहे? माझ्या पाठीवर रंगाने लिहून घेतले, "फक्त सभासदांसाठी". माझ्या फळीवर ठरावीक अंतरावर लोखंडी दांडे ठोकून घेतले, म्हणजे कुणाला सरकताच येऊ नये. साहेबाने नाही ठोकले. साहेबाला ते सुचलेसुद्धा नसते. माझ्यासाठी लढलेल्यांनीच मला कुंपण घातले!

मग वर्षे गेली. कायम बायका एकेक करून निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कायम बाई एकही घेतली गेली नाही. माझ्यावरच्या जागा रिकाम्या होत गेल्या आणि माझ्या शेजारी उभ्या बायका वाढत गेल्या. डोळ्यांसमोर आणा. लांबलचक रिकामा बाक, आणि त्याला खेटून उभी असलेली बायकांची रांग. कुणी चुकून टेकलीच तर सुपरवायझर ओरडे, "ए, पाटी वाच!" मी आतून चरफडत असे. बाकाला उठून कुणाला बसवता येत नाही ना.

शेवटी माझ्यावर एकटी लवंगी उरली. तिची निवृत्ती अगदी जवळ आली होती. आणि त्याच रांगेत, तिच्यापासून हाताच्या अंतरावर, तिची सून उभी होती. घरचे भागेना म्हणून ती कंत्राटदाराकडे कामाला लागली होती. सून जिभेने सासूची बरोबरी करणारी. ती बाटल्या पाहता पाहता म्हणे, "घरी मी बसले की तुम्ही उठवता, आई. इथे तर तुम्ही बसलेल्या आणि मी उभी. माझ्या पायांनी तुमचं काय घोडं मारलंय?" लवंगी हसून टाळे.

पण सुनेला दिवस गेले आणि हसणे संपले. तिचे पाय सुजू लागले. चपलेचा पट्टा काढला की मागे खोल वळ उमटलेला असे. डॉक्टरने बजावले, इतके उभे राहू नका, बाळाला धोका आहे. काम सोडले तर घर चालत नव्हते, आणि बसली तर कंत्राटदार काढून टाकणार होता.

लवंगी जावयाकडे गेली. तिथले बोलणे तिने परत येऊन सुनेला शब्दन्‌शब्द ऐकवले, म्हणून मला ठाऊक.

"तिला बसू दे," लवंगी म्हणाली.

"मावशी, ती आपली सभासद नाही."

"मग करून घे."

"कंत्राटी माणसाला नाही करता येत. आपणच तसं लिहून दिलंय."

"कुणी लिहून दिलं?"

"तुम्ही हात वर केला होता, मावशी," जावई म्हणाला आणि खुर्ची फिरवून फोन घेतला.

लवंगी आली ती लालबुंद होऊन. तिने सुनेचा दंड धरला आणि तिला आपल्या जागेवर बसवले. स्वतः रांगेत उभी राहिली. सून म्हणाली, "आई, वाद नको, माझं काम जाईल." लवंगी म्हणाली, "जागा माझी आहे. माझ्या जागेवर मी कुणाला बसवायचं ते मी ठरवीन. खाली बघू नकोस, बाटल्या बघ."

सुपरवायझर गोंधळला. त्याने वर कळवले. आणि थोड्या वेळाने तपासणीच्या खोलीत कोण आले? साहेब नाही. स्वतः जावई! कित्येक वर्षांत त्याने त्या खोलीत पाऊल टाकले नव्हते. तो थेट सुनेसमोर आला आणि म्हणाला, "उठ."

मित्रांनो, मी पुष्कळ पाहिले आहे. मालक कामगारांना हाकलताना पाहिले आहेत, त्याचा राग येतोच. पण कामगारांचा पुढारी पोटुशी असलेल्या कामगार बाईला बाकावरून उठवतो, हे पाहून माझ्या खिळ्यांपर्यंत आग झाली.

सून उठू लागली. लवंगीने तिच्या खांद्यावर हात दाबला. "बस." मग ती जावयाकडे वळली. "तुझा सासरा इथे येऊन आमच्याबरोबर उभा राहिला होता, जावईबापू. तू उठवायला आलास?"

"मावशी, समजून घ्या. उद्या सगळ्याच बसतील."

"बसू देत की!"

तेव्हा रांगेतली एक बाई पुढे आली आणि दोन दांड्यांमधल्या रिकाम्या जागेत बसली. तिच्या मागून दुसरी. मग बाकीच्या. माझ्यावरच्या सगळ्या जागा भरल्या. उरलेल्या दोघी लोखंडी दांड्यांवरच टेकल्या. आणि गंमत पाहा, एकीनेही काम थांबवले नाही. पट्टा चालू, डोळे काचेवर, सदोष बाटली उचलून पेटीत. सुपरवायझरला ओरडावे कशावर तेच कळेना. जावई दाराशी उभा होता. त्या खोलीत लवंगी आणि सुपरवायझर सोडले तर उभा असलेला तो एकटाच होता.

तो दिवस आमचा होता. दुसरा दिवस त्यांचा. कंत्राटदाराने फाटकावरच सगळ्यांना परत पाठवले. लवंगीला कारखान्याने बेशिस्तीबद्दल काढले आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली युनियनच्या सेक्रेटरीने. मला खोलीतून ओढून काढून कारखान्याच्या भिंतीबाहेर फेकले. तेव्हाच माझा पाय मोडला. बायका फाटकासमोर ठाण मांडून बसल्या. भट्टीवरचे कायम कामगार पाळीला आले. बायकांच्या बसण्यासाठी उपाशी राहिलेल्यांचीच ही मुले आणि पुतणे. लवंगी ओरडली, "अरे, थांबा!" एक जण पुटपुटला, "आमचा प्रश्न नाही, मावशी." आणि ते मान वळवून आत गेले. पुढच्याच वर्षी भट्टीसुद्धा कंत्राटदाराकडे गेली. आता त्यांचाही तो प्रश्न आहे. मला हसू आले नाही. मला अजूनही रागच येतो.

सुनेला मुलगी झाली. वेळेआधी झाली, तळहातावर मावेल एवढी. पण तगली. मात्र तपासणीच्या खोलीत आजही नव्या बायका उभ्या आहेत. पट्टा पूर्वीपेक्षा वेगाने धावतो.

बायकांनी मला उचलून फाटकासमोरच्या रस्त्यापलीकडे नेले, पायाखाली वीट ठेवली, वर पत्रा टाकला. लोखंडी दांडे त्यांनी पाना आणून स्वतः काढले, पाठीवरची अक्षरे खरवडून टाकली. तिथे त्यांनी नवी युनियन काढली. कायम असो, कंत्राटी असो, हाताने राबणाऱ्या कुणालाही तिचे दार उघडे. आता माझ्यावर बाटल्यांच्या बायका बसतात, इमारतींचे रखवालदार बसतात, घरोघरी पार्सल पोचवणारी मुलेही येतात. त्यांतला एक परवा म्हणाला, "मी दिवसभर गाडीवर बसूनच असतो. मला जरा उभं राहायला जागा मिळवून द्या!" सगळे हसले आणि सुनेने, ती आता तिथली सेक्रेटरी आहे, त्याच्या मोबाइलवर दर वेळी नवे काम ढकलणाऱ्या, कधीही न दिसणाऱ्या साहेबाला कसे गाठायचे, यावर चर्चा सुरू केली. दिसणाऱ्या साहेबाला गाठणे सोपे होते. हे काम अवघड आहे. पण सुरू झाले आहे.

मागच्या महिन्यात टेम्पो घेऊन दोन माणसे आली. जुन्या युनियनचा सुवर्णमहोत्सव आहे, कार्यालयात काचेच्या कपाटात मला ठेवायचे आहे, असे ती माणसे म्हणाली. खाली पितळी पाटी लावणार होती. "जपून ठेवू हो," त्यांनी सांगितले.

"नाही देणार," सून म्हणाली.

"अहो, ऐतिहासिक वस्तू आहे ती!"

"असेल. आम्हांला बसायला लागते."

माणसे रिकामा टेम्पो घेऊन परत गेली.

तेव्हा मित्रांनो, मला पुसा, रंगवा, उन्हापासून वाचवा, अशी विनवणी मी तुम्हांला करणार नाही. मला जपणाऱ्यांनीच माझे वाटोळे केले. तुम्ही दुसरेच एक काम करा. आज संध्याकाळी तुमची आई, बाबा, मावशी, काका, जे कुणी कामावरून घरी येईल, त्याला पाणी द्या आणि विचारा, "आज कामावर तुम्हांला बसायला मिळालं का?" उत्तर "नाही" असेल, तर "का नाही?" असे विचारा. आणि उत्तर "हो" असेल, तर तिथेच थांबू नका. "तुमच्या शेजारी कोण उभं होतं?" हेही विचारा.